मैत्रिणीची बरणी आणि माझी झाकणं

या महिन्यात कुंभारकामात झाकणांवर काम करायचं ठरवलं होतं. चहाच्या किटलीचं झाकण, साखरेच्या डब्याचं झाकण, अशी यादीही होती. तेवढ्यात पुदुच्चेरीहून मैत्रिणीचं पार्सल आलं आणि यादी बाजूला पडली. आत तिने स्वतः चाकावर काढलेली लोणच्याची बरणी होती. किलोभर लोणचं सहज मावेल एवढी. स्टोनवेअरची, म्हणजे उंच तापमानाला दगडासारखी घट्ट होणाऱ्या मातीची, बाहेरून राखेचं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), गॅसच्या भट्टीत १३०० अंशांच्या आसपास भाजलेली.

डेबरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ साली पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तेव्हापासून त्या भागात स्टोनवेअरचं काम चांगलंच रुजलंय. तिचे शिक्षकही त्याच वळणाचे, आणि ते बरणीच्या बुडाला कळतं. सवयीने मी ती आधी उलटीच केली. बुडाची कडी नेमकी तासलेली, आतल्या बाजूला हलका उतार, आणि ग्लेझमध्ये बुडवताना जिथे धरली होती तिथे बोटांचे तीन ठसे. ते तिने पुसले नाहीत हे मला फार आवडलं.

खरा अभ्यास मात्र गळ्याचा. गळ्याखाली तिने एक उथळ खाच घेतलीय, दादऱ्याची दोरी बसावी म्हणून. आमच्याकडे बरणीला दादरा बांधलेला तिने पाहिलाय, ते लक्षात ठेवून केलेलं काम. झाकणाची कड गळ्याच्या आत उतरते. तोंडावर जिथे झाकण टेकतं तिथे उघड्या मातीची बारीक रेघ दिसते, म्हणजे झाकण बरणीवर ठेवूनच भाजलंय. फोनवर विचारलं तर म्हणाली, बिस्कला, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीलासुद्धा, झाकण वेगळं ठेवत नाही. वाकडं व्हायचं असेल तर दोघं मिळून वाकडी होतात, मग झाकण बसतंच. टेकायच्या जागी मेणात अ‍ॅल्युमिना (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) कालवून लावते, त्यामुळे चिकटत नाही.

तोंड आतून ९ सेंमी भरलं. माझी माती ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत १२ टक्के आटते, म्हणजे ओलं असताना तोंड १०.२ सेंमी ठेवायला हवं. हा हिशेब कागदावर सोपा. चाकावर मात्र झाकण वेगळ्या दिवशी काढलं की मातीचा ओलेपणा बदलतो आणि मिलिमीटर इकडेतिकडे होतात. आता बरणी आणि झाकण एकाच बैठकीत, एकाच पिशवीतल्या मातीचे, आणि माप कॅलिपरने. बसताहेत. एखादं अजून घट्ट बसतं, पण घट्ट झाकण काचकागदाने घासून जमवता येतं, सैल झाकणाला इलाज नाही.

तिच्या रंगाच्या मागे मी लागणार नाही. राखाडी हिरवी छटा आहे ती भट्टीत हवा कमी ठेवल्यामुळे. ग्लेझमध्ये टक्का-दोन टक्के लोह असलं आणि ज्वाळेला ऑक्सिजन पुरला नाही, तर हिरवट रंग उतरतो. माझी भट्टी विजेची, १२२० अंशांची, भरपूर हवेची. त्यात तेच लोह मधासारखं पिवळट होतं. तो रंगही वाईट नाही.

लोणच्यासाठी मला रंगापेक्षा मातीची जास्त काळजी आहे. माती काचेसारखी घट्ट पिकली नाही तर मीठ आणि आंबट रस आत झिरपतो, बाहेर पांढरे डाग फुटतात आणि ग्लेझचे पापुद्रे निघतात. म्हणून बिनग्लेझच्या पट्ट्या पूर्ण तापमानाला भाजून, कोरड्या तोलल्या, पाण्यात उकळल्या, तशाच भिजू दिल्या आणि पुसून परत तोलल्या. २०० ग्रॅमची पट्टी २०३ झाली तर शोषण दीड टक्का. माझी माती तिथेच आसपास आहे, चालेल. टेराकोटावाल्यांनी मात्र बरणीच्या वाटेला जाऊ नये, कितीही सुंदर दिसली तरी.

आतल्या ग्लेझला लिंबाची परीक्षा. लिंबाची फोड रात्रभर ठेवायची, सकाळी धुऊन बघायचं. रंग फिका पडला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ आतून बाद. तांब्याच्या हिरव्याला मी आत येऊच देत नाही, आंबटाशी त्याचं पटत नाही. आत साधं पारदर्शक, काय नखरे करायचे ते बाहेर. पारदर्शक पास झालं, तरी बारीक तडे पडताहेत का यावर लक्ष ठेवतेय.

मैत्रिणीच्या बरणीत लिंबाचं लोणचं घातलंय. सासूबाईंचं मत होतं की एवढी देखणी वस्तू दिवाणखान्यात ठेवावी, पण दोरीची खाच दाखवल्यावर त्यांनीच दादऱ्याला जुन्या धोतराचा तुकडा काढून दिला. पुढच्या भाजणीत माझ्या दोन बरण्या झाकणांसकट जातील. अ‍ॅल्युमिना आणून ठेवलंय. झाकणाची मूठ अजून जड होतेय, ती ओली असताना लावण्याऐवजी चामट (अर्धवट सुकून चामड्यासारखी) झाल्यावर गोळ्यातूनच तासून काढून बघणार आहे.