सरासरी ०.३४

तीन दिवस ज्या चित्राकडे बघून मी खूश होत होते ते चुकलेलं निघालं. मिसळलेले दोन पॉलिमर आपोआप वेगळे कसे होतात त्याचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन, २५६ बाय २५६ चा ग्रिड, पॉलिमर ३०:७०, निळ्यावर पिवळे थेंब, लहान विरघळतायत नि मोठे अजून मोठे होतायत, थोडी तर्री आठवावी असं. वॉलपेपरला पण लावलं होतं!

समीकरण कान आणि हिलियर्डचं, १९५८ चं. एरवी डिफ्यूजन म्हणजे जिथे जास्त तिथून कमीकडे, इथे उलटी गंगा, जिथे जरा जास्त आहे तिथेच अजून गोळा होतं. आणि पॉलिमरला तर वेगळं व्हायला नुसतं निमित्त लागतं, कारण साखळ्या लांबलचक, मिसळून राहण्यात एन्ट्रॉपीचा (विस्कळीतपणाचा) फायदा जवळपास शून्य. फ्लोरी-हगिन्सचा काय पॅरामीटर, म्हणजे दोन पॉलिमरना एकमेकांचं किती वावडं त्याचा आकडा (ग्रीक अक्षर χ, त्याचं नावच काय, घरी फोनवर "काय वाढलाय" म्हटलं की आई विचारते "काय वाढलंय?") गुणिले साखळीची लांबी, हे २ च्या वर गेलं की सारख्या लांबीच्या साखळ्यांचं ५०:५० ब्लेंड फुटतं, म्हणजे दोघं वेगळे होतात. म्हणजे १००० मोनोमरची (कड्यांची) साखळी असेल तर काय ०.००२ च्या वर सरकला की झालं. माझा गुणाकार ५ होता, म्हणजे ३०:७० सुद्धा फुटणारच.

आधी साध्या पद्धतीने चालवलं तर पाचव्या मिनिटाला सगळीकडे नॅन (NaN, म्हणजे आकड्याच्या जागी "हा आकडाच नाही"). समीकरणात चौथा डेरिव्हेटिव्ह आहे ना, ग्रिडमधलं अंतर निम्मं केलं की टाइमस्टेप सोळा पट लहान करावा लागतो, मी केला होता निम्मा. मग फूरियरमध्ये सेमी-इम्प्लिसिट केलं (मोठ्या टाइमस्टेपलाही टिकणारी पद्धत), ते चाललं, पण अधूनमधून थेंबाच्या कडेला पिवळ्या पॉलिमरच्या प्रमाणाचा एखादा आकडा शून्याच्या खाली जायचा, त्याचा लॉग घेतला की परत नॅन, म्हणून मी वैतागून एक क्लिपची ओळ टाकली, शून्याच्या खाली गेलं की उचलून शून्याच्या जरा वर ठेवायचं. चित्र एकदम झकास यायला लागलं.

माझ्या गाइड मॅडमनी चित्राकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "अगं, सरासरी छापून बघितलीस का?"

छापली, सगळ्या ग्रिडवरच्या पिवळ्या पॉलिमरच्या प्रमाणाची, जी बदलायलाच नको. सुरुवातीला ०.३०, शेवटी ०.३४! दर वेळी उणे आकडा उचलला की तेवढं पॉलिमर मी हवेतून आणत होते, आणि बहुतेक ग्रिड शून्याच्या जवळच असल्यामुळे एकाच बाजूला भर पडत होती. जवळपास तेरा टक्के माल फुकट.

आता क्लिप काढली, टाइमस्टेप लहान केला, लॉगच्या टोकाला शून्याजवळ एक पॅराबोला जोडला म्हणजे थोडं खाली गेलं तरी नॅन येत नाही, आणि दर शंभर स्टेपला सरासरी छापते. ०.३००० वरून हलत नाहीये. फक्त थेंबाचा आकार वेळेच्या घनमुळाने वाढतो, म्हणजे दुप्पट व्हायला आठपट वेळ, त्यामुळे लॅपटॉप परवापासून चालूच आहे, पंख्याच्या आवाजाने रूममेट वैतागलीये, आणि थेंब अजून ज्वारीच्या दाण्याएवढेच.