अजून एक रॉड

माझ्या मोबाईलचा ठाम समज झालाय की मला बोअर घ्यायचाय.

लातुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा माणूस बोअर घेऊन घेऊन कुठं घेणार? पण उन्हाळ्यातली दुपार, लाईट गेलेली, फरशीवर पडून बोट वर सरकवत होतो आणि एका व्हिडिओवर थांबलो. काळ्या रानात गाडी उभी, नुसता धुरळा, आणि एकदम लिंबाच्या शेंड्याएवढं पाणी उसळलं. खाली पोरं भिजून नाचायलेली. मी लाईक दिलं नाही, कमेंट केली नाही. शेवटपर्यंत बघितला आणि परत एकदा बघितला, एवढंच.

तेव्हापासून रोज बोअर. बीडचा, जतचा, पार राजस्थानातला. तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणारे पाणाडे, त्यांना नावं ठेवत मशीन घेऊन फिरणारे नवे पाणाडे, मग मोटारी, पाईप, ठिबक. परवा ट्रॅक्टरच्या कर्जाची जाहिरातही आली. मोबाईलच्या हिशोबानं माझी शेती चांगली चाललीय म्हणायची.

आपण काय मागतो यापेक्षा कुठं रेंगाळतो, याची नोंद तिकडं होते. किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ बघितला, याला यूट्यूबनं २०१२ साली जास्त वजन दिलं. मी का थांबलो हे त्याला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. लातूरचा माणूस पाणी दिसलं की थांबतोच. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडं पाणी आलं होतं. त्याच वर्षी इन्स्टाग्रामनं आधीचं आधी, नंतरचं नंतर हा क्रम सोडला आणि ज्याला जे आवडेल ते त्याला वर दाखवायला घेतलं. आमचं लक्ष तेव्हा टँकरकडं होतं.

मायचा मोबाईल वेगळाच. तिच्यात कीर्तन आणि गुडघ्याचं तेल. एकाच खाटेवर दोघं बसतो, पण तिच्या मोबाईलमध्ये बोअर नाही आणि माझ्यात पांडुरंग नाही. "बघ की रं," ती म्हणते, "ह्याला कसं कळलं माझं गुडघं दुखायलंय ते? तुला एवढ्या दिवसात कळलं नाही." यावर काय बोलणार.

गावाकडं अण्णांनी बोअर घेतला तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. या धंद्यातल्या पुष्कळ गाड्या तिकडच्याच. तिच्यावरची अक्षरं आम्ही मातीत काडीनं गिरवायचो. गाडीवरची माणसं दोन्ही वेळा भातच खायची, याचं आम्हाला फार नवल, कारण आमच्या घरी भात सणासुदीला किंवा तापात. रात्रभर मशीन चालली. अख्खी गल्ली रानात येऊन बसली होती. बायका चहाच्या किटल्या घेऊन आलेल्या, कुणी नारळ आणून ठेवलेला.

आणि फुफाटा. पांढरा, कोरडा, पिठासारखा. केसात, भाकरीत, बैलांच्या पापण्यांवर. फुफाटा काळवंडला की ओल, एवढं आम्हा पोरांनासुद्धा कळायचं.

वीस फूट झाले की मशीन थांबायची. नवा रॉड जोडायचा असायचा. त्या थांबण्यात तो मुकादम अण्णांकडं बघून विचारायचा, "और डालना?" अण्णा जमिनीकडं बघायचे. फुटाचा दर, उसने पैसे, मायच्या पाटल्या, सगळं तेवढ्यात डोक्यात फिरत असणार. मग मान हलवायचे. असं करत साडेतीनशे फुटांवर अण्णांनी हात वर केला. कोरडा.

मोबाईलात ते थांबणंच नाही. आधी पान संपायचं, पुढचं पान उघडावं लागायचं. २००६ साली अझा रास्किन नावाच्या माणसानं न संपणारं पान बनवलं आणि पुढं त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला. इथं रॉड आपोआप जोडला जातो. "और डालना?" असं कोणी विचारत नाही.

अजून एक. एवढ्या बोअरांत कोरडा बोअर मी एकही बघितला नाही. कोरड्याचा व्हिडिओ कोण काढणार? काढला तरी त्यावर बोट थांबत नाही, आणि जिथं बोट थांबत नाही ते मशीन पुढं ढकलत नाही. मोबाईलात बघावं तर सगळ्या महाराष्ट्राच्या पोटात पाणीच पाणी.

परवा गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, खालच्या पट्टीत पाणी हाय बघ. बोअर घ्यावं म्हणायलाव. निम्मे तू दे."

"अण्णांचं काय झालं ते माहीत आहे ना?"

"ते नारळावरचं होतं. आता मशीन फुटानिशी सांगायलंय. रोज बघायलाव की मी मोबाईलात. सगळ्यांना लागायलंय."

मी त्याला सांगितलं की आपला खडक काळा, भेगेत असेल तेवढंच पाणी, आणि शिवारात जितके बोअर वाढतील तितके वाटेकरी वाढणार. तो हो हो म्हणाला. मी गप्प बसलो की तोही गप्प बसायचा. फोन मात्र कोणीच ठेवेना.

"फुटाला दर काय चाललाय, विचारून ठेव," मी म्हणालो.