किर्द जुळली, खतावणी जुळली नाही

पतसंस्थेच्या लेखापालांचा फोन आला तो सर्व्हर बंद पडल्याबद्दल नव्हता. "साहेब, किर्द जुळते, पण खतावणी जुळत नाही," एवढेच ते म्हणाले. म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही बरोबर, पण खातेवार हिशेब चुकीचा. पडद्यावर त्यांनी दाखवलेल्या काही खात्यांच्या शिलकी आठवडाभर मागच्या होत्या, तर एका खाते क्रमांकाच्या चक्क दोन ओळी दिसत होत्या, आणि त्याही प्रायमरी की असलेल्या, म्हणजे एकच क्रमांक दोनदा येऊच न देणाऱ्या, तक्त्यात.

सॉफ्टवेअर पुरवठादाराचे म्हणणे असे, की शनिवारी सर्व्हर रीस्टार्ट केला तेव्हा डेटा बिघडला. मला ते पटले नाही. सेंटॉस ७ या लिनक्स प्रणालीवरील पोस्टग्रेस ९.६ या डेटाबेसची जुनी आवृत्ती, "चालते आहे तोवर हात लावू नका" या सल्ल्यावर कधीच अद्ययावत न झालेली. आदल्या आठवड्यातील नोंदी चाळताना मूळ सापडले. एके दिवशी सर्व्हर मिनिटभर गोठला होता आणि आपोआप सुरू झाल्यामुळे कोणी चौकशी केली नव्हती.

डेटा एलव्हीएमच्या थिन पूलवर, म्हणजे गरजेप्रमाणे जागा वाटणाऱ्या डिस्कच्या सामायिक साठ्यावर होता आणि रात्रीच्या बॅकअपचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाच्या प्रती, कोणी पुसत नव्हते. पूल आपोआप वाढण्याची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १०० टक्के असते, म्हणजे ती सोय बंदच असते. पूल भरल्यावर लिनक्स लिहिण्याच्या विनंत्या ६० सेकंद रोखून धरते आणि त्यानंतर त्यांना थेट त्रुटी देते. प्रक्रिया ‘डी’ अवस्थेत, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट पाहत, अडकल्या त्या याच मिनिटात. तरीही ज्या भागांची शेवटच्या स्नॅपशॉटनंतर स्वतंत्र प्रत झालेली होती, त्यांवरचे लेखन सुरळीत चालू राहिले. म्हणूनच नुकसान विखुरलेले होते.

खरी मेख पुढे आहे. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये एफसिंक, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याची विनंती, अयशस्वी झाल्याची ओळ होती, आणि लगेच पुढचा चेकपॉइंट, म्हणजे तोवरचे सर्व बदल डिस्कवर उतरवण्याचा टप्पा, यशस्वी. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकदा त्रुटी कळवते आणि न लिहिलेली पाने (डेटाचे तुकडे) ‘स्वच्छ’ समजते. त्यामुळे दुसऱ्यांदा विचारले की "सर्व ठीक" असे उत्तर मिळते. ईएक्सटी४ या फाइल प्रणालीवर तीच पाने मेमरीत नव्या मजकुरासह राहतात, म्हणून रीस्टार्टपर्यंत सगळे बरोबर दिसले. रीस्टार्टने डेटा बिघडवला नाही. डिस्कवर काय आहे ते उघडे पाडले. फेब्रुवारी २०१९ च्या ९.६.१२ पासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता स्वतःहून कोसळते आणि वॉलमधून, म्हणजे प्रत्येक बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदींमधून, सावरते. ही सुधारणा फुकट उपलब्ध होती.

आता वॉलचे ते तुकडे पुनर्वापरात गेलेले होते. जागा वाचवण्यासाठी त्यांचे आर्काइव्ह (जुने तुकडे जपून ठेवणे) बंद ठेवण्याचा निर्णय पुरवठादाराचाच. स्नॅपशॉटही, नंतर जागा मोकळी करण्यासाठी, पुसून टाकलेले. पान बिघडले आहे का हे तपासणाऱ्या चेकसम या आकड्याचा उपयोग नव्हता, कारण जुने पान हे तुटलेले पान नसते. त्याचा चेकसम अगदी बरोबर येतो.

लेखापालांनी पावत्या समोर ठेवून पैशांच्या नोंदी एकेक जुळवल्या, तेही कुरकुर न करता. पण वारसाचे नाव बदलणे, पत्ता किंवा मोबाईल क्रमांक दुरुस्त करणे, याला पावती नसते. त्या आठवड्यात काउंटरवर असे बदल करून गेलेले सभासद कोण, हे त्या डेटाबेसमधून शोधण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.