यंदा तरी सिंगल सीटर नॅट?

डिसेंबर लागला की आमच्या प्लास्टिक मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर दुसरा विषयच नसतो, जानेवारीत एअरफिक्स (मॉडेलची किट काढणारी ब्रिटिश कंपनी) काय काढणार. त्यांची वर्षाची रेंज जानेवारीत जाहीर होते, त्यामुळे आधीचा महिना दीड महिना नुसते अंदाज चालू. कोण म्हणतं नवीन लायटनिंग येणार, कोण म्हणतं अजून एक स्पिटफायर येणार (ते म्हणायला काही लागत नाही, स्पिटफायरशिवाय वर्ष कधी गेलंय?), आणि मी माझ्या यादीत दर वर्षी एकच नाव लिहितो. फॉलंड नॅट हे छोटं लढाऊ विमान, सिंगल सीटर, १/४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एअरफिक्सचं १/४८ चं नॅट आहेच की, पण ते टी.१ आहे, म्हणजे दोन सीटचं ट्रेनर. ब्रिटिश लोकांना नॅट म्हटलं की रेड अॅरोज आठवतात, म्हणजे त्यांच्या एअर फोर्सची कसरती करणारी टीम, लाल रंगाची ती विमानं १९६५ ते १९७९ त्यांनी उडवली, आणि किट ब्रिटनमध्ये खपतं ते त्या लाल रंगावर. आपल्याला नॅट म्हटलं की काय आठवतं? ६५ चं युद्ध, पाकिस्तानच्या सेबर जेट्सना पाडून मिळवलेलं सेबर स्लेअर हे नाव, २२ नोव्हेंबर १९७१ ची बोयराची लढाई, आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवरून एकटे सेबर्सना भिडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों. एअर फोर्सला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं, आणि ते विमान सिंगल सीटर नॅट होतं. १/७२ मध्ये स्पेशल हॉबीचं सिंगल सीटर मिळतं, मी बनवलंय, छान आहे, पण १/७२ मध्ये त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेनऊ सेंटीमीटरसुद्धा भरत नाहीत, कॉकपिटमध्ये काही दिसतच नाही. १/४८ मध्ये मोठ्या कंपनीचं नाही.

मग लोक विचारतात, टी.१ घे आणि कापून बनव ना. मी तेच करायला गेलो होतो तीन वर्षांपूर्वी. फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग टेपने जोडले, रेझर सॉ हातात घेतला, आणि कापायच्या आधी एकदा सगळं मोजून घ्यावं म्हणून पट्टी ठेवली. सिंगल सीटर नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७५ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये साधारण १४ सेंटीमीटर. माझ्या टेबलावरचे पंख सव्वापंधरा! कारण टी.१ म्हणजे नुसती मागे एक सीट वाढवलेलं विमान नाहीच, पंख वेगळा आणि मोठा, शेपटी मोठी, फ्यूजलाज लांब. म्हणजे कापायचं तर सगळंच कापायचं आणि सगळंच पुन्हा घडवायचं. सॉ खाली ठेवला, ते किट तसंच बॉक्समध्ये परत गेलं. तेव्हापासून मला हेही नीट कळलं की एअरफिक्सलासुद्धा टी.१ चा साचा वापरून सिंगल सीटर काढता येणार नाही. कॉकपिटचे आणि चाकांचे काही बारीक पार्ट्स सोडले तर पूर्ण नवीन टूलिंग करावं लागेल, आणि स्टीलचे साचे बनवायचा खर्च इतका असतो की कंपनी आधी हजार वेळा विचार करते, किती देशांच्या डेकल्स (विमानावर चिकटवायच्या खुणा) टाकता येतील, किती बॉक्सिंग (त्याच साच्याची वेगवेगळ्या बॉक्समधली किट) निघतील. नॅटच्या बाबतीत भारत, फिनलंड (त्यांच्याकडे तेरा होती), युगोस्लाव्हियाची दोन, आणि ब्रिटनची थोडी ट्रायलवाली. आणि आपलं अजित (नॅटवरून भारतात बनवलेलं विमान) धरलं तर अजून एक बॉक्सिंग, फक्त अजितमध्ये पंखातच इंधनाच्या टाक्या होत्या म्हणून पंखाखाली बॉम्ब-रॉकेटला जागा मोकळी झाली, त्यासाठी वेगळे पायलॉन (ते टांगायचे खांब) द्यावे लागतील.

आता अंदाज बांधायचे तर नुसत्या इच्छेवर बांधून चालत नाही, हे मी ग्रुपवर नेहमी सांगतो. खुणा बघायच्या. पहिली खूण प्रॉडक्ट कोड. एअरफिक्सच्या कोडमधले सुरुवातीचे आकडे म्हणजे सिरीज, आणि सिरीज म्हणजे साधारण किटचा साइज आणि किंमत. त्यांचं दोन सीटचं नॅट ए०५, १/४८ चं हंटर ए०९, मोठं व्हल्कन बॉम्बर ए१२. एखाद्या दुकानाच्या यादीत नाव न लिहिता नुसता कोड आणि किंमत दिसली की आमच्याकडे लगेच गणितं सुरू, एवढ्या किमतीत काय बसेल, इंजिनं किती, स्केल कुठली. दुसरी खूण स्प्रू, म्हणजे पार्ट्स जोडलेली प्लास्टिकची फ्रेम. नवीन किट उघडलं की मी आधी जे पार्ट्स वापरायचे नाहीत ते बघतो, इन्स्ट्रक्शनमध्ये त्यांच्यावर करड्या रंगाची छाया असते. एडुआर्ड कंपनीचं १/४८ चं मिग २१ उघडा, इतके पार्ट्स उरतात की पुढची व्हर्जन्स कुठली येणार ते त्या फ्रेमवरच लिहिलेलं असतं. तिसरी खूण म्हणजे कोणत्या म्युझियममध्ये कोण स्कॅनर घेऊन फिरतंय, पण त्याच्यात अफवाच जास्त असतात, मी फार धरत नाही.

आणि जपानी कंपन्यांना यातलं काहीच लागू होत नाही. झुकेई मुरा २०१६ पासून १/४८ मध्ये फँटमची एकेक व्हर्जन काढत बसले होते, सगळ्यांना वाटलं आता १/४८ चा फँटम संपला विषय, आणि २०२१ मध्ये तामियाने एफ-४बी, म्हणजे फँटमच, जाहीर केलं. एकाच्याही यादीत नव्हतं. त्या रात्री दीड वाजेपर्यंत ग्रुपवर कोणी झोपलं नाही.

म्हणूनच मी आशा सोडत नाही. व्हल्कन बघा ना, जुनं किट १९८३ चं, लोक किती वर्षं नवीन मागत होते, प्रत्येक डिसेंबरला कोणीतरी लिहायचंच आणि बाकीचे म्हणायचे अरे सोड आता, आणि २०२१ च्या जानेवारीत आलंच की यादीत. ३८ वर्षांनी! हंटर २०१८ ला आलं, मग त्याच साच्यातून एफजीए.९ या व्हर्जनचं बॉक्सिंग आलं, त्याच्यावरून लोंगेवालाचं हंटर बनवता येतं. म्हणजे ७१ मधलं एक विमान १/४८ मध्ये माझ्या शेल्फवर आलंय, त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे.

आणि एक कारण म्हणजे मामा. माझे मामा एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे) होते, सत्तरच्या दशकात काही वर्षं नॅटवर काम केलं त्यांनी. आता ७८ चे आहेत, साताऱ्याला असतात, जानेवारीत माझ्या आधी त्यांचाच फोन येतो, "काय रे, आलं का आमचं विमान?" गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा १/७२ चं घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा वर केला, मॉडेल उलटं करून पोटाकडून बघितलं (वरून बघतच नाहीत ते, सगळं आयुष्य पोटाखाली गेलं), चाकांच्या दरवाज्यांवर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले हे एकतर पूर्ण बंद दाखवतात नाहीतर पूर्ण उघडं, मधलं कोणीच दाखवत नाही. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की नॅटला वेगळे एअरब्रेक नव्हतेच, हवेत वेग मारायचा असला की पायलट चाकं अर्धवट खाली सोडायचा आणि ते दरवाजेच ब्रेकचं काम करायचे. इतकं लहान विमान, प्रत्येक वस्तूला दोन कामं. हायड्रॉलिक्सने किती छळलं तेही सांगितलं, पण ते सांगतानासुद्धा आवाजात माया होती.

परत आलो आणि हे ग्रुपवर टाकलं तर तीन दिवस नुसती हीच चर्चा. किट आलं तर चाकं बंद, चाकं उघडी आणि ही मधली पोझिशन, तीनही ऑप्शन द्यावेत का? एकजण म्हणाला त्यासाठी दरवाजे आणि स्ट्रट (चाकांचे दांडे) वेगळे द्यावे लागतील, जेमतेम सहा-सात पार्ट्स वाढतील. दुसरा म्हणाला कंपनी नाहीच देणार, आपणच थ्रीडी प्रिंट करू, फक्त कोन किती ते कुठूनतरी कळलं पाहिजे, ड्रॉइंगमध्ये मिळत नाही.

तर मी मामांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर उभे धरले, मग हळूहळू बाहेरच्या बाजूला झुकवत नेले, मध्येच थांबले, थोडे मागे घेतले, म्हणाले एवढं, याच्यापुढे नाही. मी लगेच स्क्रीनशॉट घेतला आणि कोनमापक लावून कोन लिहून ठेवलाय. यादीत नॅटच्या नावापुढे तोच फोटो टाकलाय या वेळी.