इंदूर ते महेश्वर सायकलने, आणि सोबत दुरुस्तीचं काय काय घ्यायचं

डिसेंबरात आम्ही तिघं राजेंद्रनगरहून महेश्वरला सायकलने जाऊन आलो, म्हणजे गेलो सायकलने आणि आलो बसने. मी, दादा आणि शेजारचे काका. काका पासष्टीचे, त्यांची सायकल जुनी उभ्या दांड्याची, अठ्ठावीस इंची, आमच्या दोघांच्या गिअरवाल्या हायब्रिड. रस्ता राऊ, महू, बडगोंदा, जाम गेट, मग घाट उतरून मंडलेश्वर आणि तिथून महेश्वर, साधारण नव्वद किलोमीटर होतात. या रस्त्याने जायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आमचा अर्धा दिवस रस्त्याच्या कडेला गेला आणि तो टाळता आला असता.

पहाटे साडेपाचला निघालो, महूत पोहे-जिलबी खाल्ली, तिथपर्यंत सगळं मस्त. बडगोंद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना बाभळी आहेत, तिथे माझ्या मागच्या चाकाची हवा गेली. टायरमध्ये काटा दिसला, उपटला, स्पेअर ट्यूब टाकली, दीडशे-दोनशे पंप मारले आणि निघालो. दोन किलोमीटरही झाले नसतील, परत चाक बसलं. दादा म्हणाला ट्यूबच खराब निघाली. काकांनी सायकल स्टँडवर लावली, खाली बसले आणि म्हणाले, "अगं थांब, दुसरी ट्यूब टाकायची घाई करू नकोस, आधी टायरच्या आतून बोट फिरव."

मी फिरवलं, काहीच लागलं नाही. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तो टायरच्या आतून हळूहळू ओढत नेला, एका जागी रुमालाचा धागा अडकला. तिथे काट्याचं मोडकं टोक होतं, तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा नाही, बाहेरून अजिबात दिसत नव्हतं आणि आतून फक्त वजन पडलं की वर यायचं. नेलकटरच्या चिमट्याने ते काढलं. तेव्हापासून मी बोट न फिरवता रुमालच फिरवते, बोटही कापत नाही आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली ती बारीक तारसुद्धा सापडते, जी डोळ्यांना दिसतच नाही. दुसरं म्हणजे टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी वॉल्वच्या समोर येईल असं बसवायचं, म्हणजे ट्यूबला भोक कुठे आहे ते बघून टायरमध्ये काटा कुठे असेल ते लगेच कळतं.

आता दोन्ही ट्यूब पंक्चर, आणि माझ्याकडे पॅच होते, काचपेपर होता, सोल्यूशनची ट्यूब पण होती, पण ती मागच्या वर्षी एकदा उघडलेली, आतलं सगळं वाळून गेलेलं. ही एक गोष्ट प्लीज लक्षात ठेवा, सोल्यूशन एकदा उघडलं की कितीही घट्ट झाकण लावा काही महिन्यांत वाळतंच, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दाबून बघा आणि एक न उघडलेली ट्यूब वेगळी ठेवा, महाग नसतेच. आणि लावतानाची चूक बहुतेक सगळे करतात: सोल्यूशन लावलं की लगेच पॅच चिकटवतात. तसं नाही, आधी ट्यूबचा चकचकीतपणा जाईपर्यंत घासायचं, पॅचपेक्षा मोठा गोल लावायचा, चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला ओलं लागत नाही पण चिकट वाटतं इतपत, मग पॅच जोरात दाबायचा. ओला असताना लावला तर आतला द्रव बाहेर पडू शकत नाही आणि पॅच उन्हात सुटतो.

मग काका ट्यूब घेऊन पुढच्या गावात गेले, तिथे मोटरसायकलचं पंक्चर काढणारा होता, त्याने मनापासून नीट काम करून दिलं. पण हवा भरता येईना, कारण माझ्या चाकाचा वॉल्व प्रेस्टा, तो बारीक पितळी टोकाचा, आणि त्याच्याकडे मोटरसायकलचं नोझल. त्यासाठी एक छोटं पितळी अडॅप्टर मिळतं, अंगठीएवढंही नाही, ते मी आता पंपालाच दोऱ्याने बांधून ठेवलंय. आणि 700ची (आमच्या हायब्रिडच्या चाकाच्या मापाची) ट्यूब महू सोडल्यावर आम्ही तीन दुकानांत विचारली, कुठेच मिळाली नाही. काकांच्या सायकलचं मात्र सगळंच सगळीकडे मिळतं, वॉल्वची ती रबराची बारीक नळीसुद्धा. म्हणून गिअरवाल्यांनी दोन स्पेअर ट्यूब घ्यायच्याच, आणि चेन मागच्या किती गिअरची आहे (माझी आठची आहे) ते बघून त्याच मापाची मिसिंग लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, कारण दुसऱ्या मापाची बसत नाही.

जाम गेट म्हणजे अहिल्याबाईंनी 1791मध्ये बांधलेला दरवाजा, तिथून माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड दिसतं. तिथे थांबून बघाच. आणि उतरायच्या आधी ब्रेकची रबरं तपासा, वर नाही तपासली तर मग खाली कुठे तपासणार. घाटात ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते आणि ट्यूबला धोका असतो, वळणाआधी दाबायचा, मग सोडायचा. काकांच्या सायकलला दांड्याचे ब्रेक, म्हणजे तारेऐवजी लोखंडी सळईने ओढले जाणारे, त्यांनी सरळ चालत उतरणं पसंत केलं, मला ते फार आवडलं.

घाटात एका धारदार दगडाने दादाच्या मागच्या टायरची बाजू फाटली, भोकातून ट्यूब पुरीसारखी फुगून बाहेर आली. काकांनी पिशवीतून जुन्या टायरचा तीन बोटांचा तुकडा काढला, आतून लावला, हवा नेहमीपेक्षा कमी ठेवली, 40 पीएसआयच्या आसपास, आणि दादा त्यावर महेश्वरपर्यंत आला. हा तुकडा मी सगळ्यांत आधी पिशवीत टाकते आता. तो मागच्या टायरला चालला, पुढच्या टायरला असं झालं तर मी जास्त अंतर जाणार नाही, उतारावर पुढचं चाक बसलं तर सावरता येत नाही.

बाकी एलन की (षटकोनी टोकाच्या किल्ल्या) 4, 5, 6 मिलिमीटरच्या, दोन टायर लिव्हर, आठ-दहा प्लास्टिकच्या टाय, जुन्या ट्यूबच्या दोन-तीन पट्ट्या. नट असलेलं चाक असेल तर 15 मिलिमीटरचा पाना विसरू नका, दादाने विसरला होता म्हणून त्याचं चाक काढायला काकांचा पाना लागला. एकदा घरी अंगणात स्वतः चाक काढून, ट्यूब बदलून, तुमच्याच पंपाने हवा भरून बघा, आमच्या पंपाचं नोझल आत झिजलेलं होतं ते रस्त्यात कळलं.

महेश्वरला रात्र काढली, दुसऱ्या दिवशी सायकली बसच्या टपावर. टपाचं भाडं कंडक्टरशी आधीच ठरवा, आणि बांधताना डिरेलरची (मागे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) बाजू वर येईल असं आडवं ठेवा. दादाच्या सायकलचा हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, वाकला तो तिथेच, ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधून मध्ये जुनी चादर घातली असती तर वाकला नसता.