टेलर नावाची मोजणी : काम कुठवर आलं

धंद्यावरून आलेली इंग्रजी नावं अमेरिकेत किती बाळांना ठेवली गेली, या मोजणीत या खेपेला टेलर. अर्थाचं काम उरकलंय, आलेख तयार आहे, स्पेलिंगचा गुंता निम्मा सुटलाय.

अर्थ

मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द नॉर्मन फ्रेंचमधून आला. मागे जुन्या फ्रेंचमधलं ‘ताये’, म्हणजे कापणं, आणि त्याच्याही मागे उत्तरकालीन लॅटिनमधलं ‘तालियारे’. म्हणजे टेलर मुळात शिवणारा नव्हे, कापणारा. फ्रेंचमध्ये दगड घडवणाऱ्यालाही अजून ‘दगडाचा तायर’च म्हणतात. इंग्रजीतले रिटेल आणि डिटेल याच कात्रीतून निघालेले.

आपल्याकडचे शब्द शेजारी ठेवले की गंमत कळते. दर्जी हा फारसी ‘दर्ज’वरून, म्हणजे शिवणीवरून. शिंपी संस्कृत ‘शिल्पिन्’वरून, म्हणजे कसबावरून. एकाच माणसाला एका भाषेने कात्रीवरून ओळखलं, दुसरीने टाक्यावरून, तिसरीने हुन्नरावरून.

धंदा माणसाच्या नावाला कसा चिकटतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधला ‘जॉन द टेलर’ तसाच होता. तिथे ही ओळख पुढे वंशपरंपरेचं आडनाव झाली. आपल्याकडेही सुतार, लोहार, शिंपी, जोशी, कुलकर्णी आडनावं झाली. मुंबईतल्या पारशी घरांत तर कॉन्ट्रॅक्टर आणि इंजिनिअरही झाले. फरक पुढच्या पायरीवर पडतो. अमेरिकेत आडनाव उचलून बाळाचं पहिलं नाव ठेवतात, बऱ्याचदा आईच्या माहेरचं. आपण बारशाला ‘कुलकर्णी’ ठेवत नाही. (उत्तरेकडे थेट हुद्द्यावरून नावं आहेत. १९७० मध्ये बिहारचे मुख्यमंत्री झालेले दरोगा प्रसाद राय हे ठळक उदाहरण. पण तो रस्ता आडनावावरून जात नाही.)

म्हणून टेलर ठेवणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांसमोर कात्री होती असं समजू नका. त्यांच्यासमोर आडनाव होतं.

आकडे कसे काढले

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी (सामाजिक सुरक्षा) खात्याची राष्ट्रीय झिप फाईल उतरवून घ्या. नावं खात्याच्या कार्डासाठी आलेल्या अर्जांवरून मोजलेली असतात. खात्याच्या पानावर फक्त पहिली हजार नावं दिसतात, झिपमध्ये सगळी असतात. प्रत्येक वर्षाची एक फाईल, १८८० पासून. २०२४ पर्यंत धरल्या तर १४५ फायली. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी, स्वल्पविरामाने तोडलेल्या: नाव, लिंग, संख्या.

वर्ष ओळीत नसतं, फायलीच्या नावात असतं. फायली जोडण्याआधी ते चौथ्या रकान्यात भरा. नंतर भरायला गेलात तर कुठली ओळ कुठल्या वर्षाची हे समजायला मार्ग उरत नाही.

सगळ्या फायली जोडून एक्सेलमध्ये उघडू नका. ओळी वीस लाखांहून जास्त होतात आणि एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ आहे. उरलेल्या ओळी कापल्या जातात, आणि वर्षांच्या क्रमाने जोडलं असेल तर नेमकी अलीकडची दशकं उडतात. आलेख मध्येच तुटलेला दिसला की पहिला संशय याच्यावर घ्या. आधी प्रत्येक फाईल गाळा, मग जोडा. टेलरच्या ओळी काही शेच निघतात.

गाळताना संपूर्ण नाव जुळवा. ‘टेलर असलेलं काहीही’ असा शोध घेतला तर टेलरअ‍ॅनसारखी जोडनावंही येतात. खातं नावातली जागा आणि जोडरेघ काढून टाकतं, त्यामुळे अर्जात दोन शब्दांत लिहिलेलं नाव फायलीत एकसंध दिसतं.

क्रमांक फायलीत छापलेला नसतो. लिंगानुसार उतरत्या संख्येने ओळी लावलेल्या असतात, त्या मोजून काढायचा. संख्या सारखी असली तर खातं वर्णक्रम धरतं. तुमचं सॉफ्टवेअर सारख्या संख्येला सारखा क्रमांक देत असेल, तर पहिल्या शंभरात फारसा फरक पडणार नाही. तळाशी मात्र शेकडोंनी पडेल.

टक्केवारीसाठी छेद कुठला, यावर बरीच गल्लत होते. फायलीतली बेरीज घेतली तर टक्का किंचित फुगतो, कारण वर्षात ५ पेक्षा कमी बाळांना मिळालेलं नाव फायलीत नसतंच. खातं दरवर्षीच्या एकूण अर्जांचा वेगळा तक्ता देतं, तोच छेद धरलाय. राज्यवार फायली (१९१० पासून) बेरजेला वापरल्या नाहीत. तिथेही ५ चीच अट आहे, पण प्रत्येक राज्याला वेगळी, त्यामुळे राज्यांची बेरीज राष्ट्रीय आकड्याला गाठत नाही.

१९३७ च्या आधीचा भाग

हा भाग आलेखात फिकट रंगात ठेवलाय. सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५ चा, कार्डं १९३६ च्या अखेरीपासून. त्याआधी जन्मलेल्यांपैकी ज्यांनी पुढे कधीतरी अर्ज केला तेवढेच मोजलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फायलींत मुली मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. ते जन्मांचं प्रमाण नव्हे, अर्जांचं. इथे नुसत्या संख्येवरून काहीही बोलू नये. लिंगानुसार टक्का काढला तर थोडंफार चालतं.

टेलर मुलगा म्हणून १८८० च्या पहिल्याच फायलीत आहे. मुलगी म्हणून जुन्या वर्षांत कुठे ५-७ चा आकडा दिसला तर लगेच ‘पहिली टेलर’ म्हणून नाचू नका. लिंगाचा रकाना चुकीचा भरलेले अर्ज फायलीत राहिलेले आहेत. १९८० च्या दशकात जेनिफर नावाचे ‘मुलगे’ सापडतात ते असेच.

चढण आणि उतरण

मुलींच्या पहिल्या हजारात टेलर सत्तरच्या दशकाच्या शेवटी येते. ऐंशीच्या दशकभर चढते, १९९० च्या आसपास मुलांना मागे टाकते. १९९३ मध्ये सातवी, १९९६ मध्ये सहावी, २००० मध्ये दहावी. २००१ मध्ये पहिल्या दहातून बाहेर, आणि २०२० नंतरच्या फायलींत पहिल्या शंभरातही नाही.

मुलींकडे गेलेलं नाव मुलांना लगेच सोडून जातं, असं आपण सगळेच घोकत असतो. इथे तसं दिसत नाही. मुलांच्या टेलरचाही कळस नव्वदच्या दशकातलाच. दोन्ही रेषा बरोबर चढल्या, मग मुलांची जास्त वेगाने घसरली. केवळ ‘मुलींचा वाटा’ असा एकच आलेख काढला असता तर हे झाकलं गेलं असतं. वाटा दाखवायचाच असेल तर खाली दोन्ही संख्या स्वतंत्र दाखवा.

आता कारणं. नेहमीचं उत्तर टीव्ही मालिका. ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’मधली टेलर हेज १९९० मध्ये आली (ती साकारणाऱ्या नटीचं नाव हंटर टायलो, म्हणजे नावात आणखी एक धंदा). पण चढण त्याआधीच दशकभर चालू होती. मालिकेने फार तर वारं घातलं. इथे आलेख गुळगुळीत करायचा मोह टाळा. तीन वर्षांची सरासरी घेतली की एका वर्षाची उडी आधीच्या वर्षातही पसरते आणि घटनेच्या आधी परिणाम दिसू लागतो.

दुसरं उत्तर टेलर स्विफ्ट. तिचा जन्म डिसेंबर १९८९ चा, नाव गायक जेम्स टेलरच्या आडनावावरून ठेवलेलं. म्हणजे ती लाटेचं कारण नाही, लाटेतलं एक बाळ आहे. पहिला अल्बम २००६ चा, तोवर नाव पहिल्या दहातून जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यापुढे तिची कीर्ती वाढत गेली आणि नाव खाली जात राहिलं.

प्रसिद्धी नावाला उचलतच नाही असं नाही. मेसन, म्हणजे गवंडी, पाहा: २००९ मध्ये ३४ वा, २०१० मध्ये १२ वा, २०११ मध्ये दुसरा. डिसेंबर २००९ मध्ये एका गाजलेल्या टीव्ही-कुटुंबात त्या नावाचं बाळ जन्मलं होतं. वर्षअखेरीची घटना असल्यामुळे तिची उडी पुढच्या वर्षापासून मोजायची. मेसन तेव्हा चढणीवर होता आणि वर जागा होती. टेलरची पिढी होऊन गेली होती. वर्गात चार टेलर पाहिलेली मुलगी स्वतःच्या लेकीला तेच नाव ठेवत नाही.

ऐंशी-नव्वदमधल्या मूळ चढणीचं श्रेय आमच्या मते आवाजाला द्यावं. टायलर, हंटर, पार्कर, टॅनर, कूपर, कार्टर. शेवटचा ‘र’ ऐका. कूपर म्हणजे पिंपं बनवणारा आणि कार्टर म्हणजे गाडी हाकणारा, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

अडलेलं काम

देवनागरीत सगळे ‘टेलर’च, पण फायलीत शेवट ओ-आर, ई-आर, ए-आर असे वेगवेगळे आणि प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र नाव. उच्चार एक असलेले एकत्र केलेत. ‘टेला’ बाहेर ठेवलंय, कारण त्यात शेवटचा र नाही. मुख्य रेषा मूळ स्पेलिंगची, एकत्रित रेषा तुटक. दोन्हींची बेरीज मात्र करू नका, मूळ स्पेलिंग दोनदा मोजलं जातं.

टायलर यात मिसळू नका. ते कौलं बसवणाऱ्याचं नाव, इंग्लंडमधल्या १३८१ च्या शेतकरी-उठावातल्या वॉट टायलरचं. नव्वदच्या दशकात मुलांच्या पहिल्या दहात तेही होतं, म्हणून एका अक्षराच्या गफलतीने मुलांची रेषा कुठल्या कुठे जाते.

इंग्लंड-वेल्सच्या याद्या जोडायच्या बाकी आहेत. तिथे किमान आकडा ५ नसून ३ आहे. तेव्हा तळातल्या स्पेलिंगांची तुलना करण्याआधी तिथलीही ५ च्या खालची नावं गाळावी लागतील.