आधी पट्टा बघ : मामाच्या जुन्या डब्यांतले दिवे, काम कुठवर आलं

मामाच्या मॉडेल आगगाडीच्या पाच डब्यांतले तीन उजळले. चौथा लुकलुकतोय. पाचव्याचं शेवटी सांगतो.

डबे एचओ स्केलचे, म्हणजे 1:87, खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे. इटालियन बनावटीचे, साध्या डीसीवर चालणारे, म्हणजे वीज रुळातून येते आणि रुळावर जितके व्होल्ट तितका वेग. नाशिकला सिडकोतल्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षं खोक्यात पडून होते. दिवे लागेनात म्हणून मी सरळ छतं उघडली आणि गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब काढून एकेक तपासला. पाचही ठणठणीत. बाहेरून 12 व्होल्ट दिले की लख्ख, डबा रुळावर ठेवला की अंधार.

शेजारचे काका मनमाडला रेल्वेत ट्रेन लायटिंगला होते. चहाला आले, माझा पसारा पाहिला आणि म्हणाले, "अरे, दिव्याकडे काय बघत बसलास? आधी पट्टा बघ." त्यांच्या वेळच्या डब्यांत एक्सलवरच्या पट्ट्यावर डायनॅमो फिरायचा, तो खालच्या बॅटऱ्या भरायचा आणि त्यांच्यावर 110 व्होल्ट डीसीने दिवे-पंखे चालायचे. पट्टा तुटला तरी बॅटरी काही वेळ रेटायची. मग दिवे लाल पडायचे आणि पॅसेंजर बल्बच्या नावाने बोटं मोडायचे.

आपल्या डब्यांना पट्टा नाही, पण दुखणं तेच. डब्याखाली चाकांचे दोन गाडे असतात, त्यांना बोगी म्हणतात : एक बोगी डाव्या रुळावरून वीज घेते, दुसरी उजव्या. चाकावरून एक्सलवर, एक्सलवरून त्याला घासणाऱ्या बारीक पट्टीवर आणि तिथून वर छताकडे. चाकांच्या कडेवर काळा, चिकट थर बसला होता. इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसलो, तर पहिल्याच बोगीला आठ इअरबड गेले. पॉलिश पेपर मात्र लावू नका. ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते.

दोन बोग्यांमधल्या पट्ट्या तुटलेल्याच होत्या. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे जुने रिले (विजेवर चालणारे स्विच) मिळाले. त्यांतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या कापून बसवल्या. पहिल्या प्रयत्नात इतक्या ताणून बसवल्या की इंजिनाला तीन डबे ओढवेनात. आता माझी परीक्षा सोपी आहे : फळीचं एक टोक वहीच्या जाडीएवढं उचलायचं, डबा आपणहून घरंगळला पाहिजे. आणखी एक गोष्ट. प्रत्येक एक्सलचं एक चाक इन्सुलेटेड असतं, म्हणजे त्यातून वीज एक्सलवर जात नाही. साफ करून परत बसवताना एक एक्सल उलटा गेला, दोन्ही रूळ जोडले गेले आणि रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरने मान टाकली. अर्धा तास मी वायरिंगमध्ये शॉर्ट शोधत होतो.

मग एलईडी. एमजी रोडवरून वॉर्म व्हाइटची 12 व्होल्टवाली पट्टी आणली, तीन-तीन दिव्यांवर कापायची असते ती. लावली, तर गाडी पिसाटासारखी धावली तरच उजेड! कारण उघड आहे. तीन एलईडी एकामागे एक, म्हणजे 9 व्होल्ट तिथेच गेले. गाडी उलट गेली तरी दिव्यांना वीज सरळच देणारा ब्रिज रेक्टिफायर वर 1.4 खातो. नेहमीच्या वेगाला रुळावर तेवढे व्होल्ट असतातच कुठे? पट्टी काढली. आता चार सुटे एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा, प्रवाह आवरणारा 2.2 किलोओहमचा रेझिस्टर. पूर्ण 12 व्होल्टवर एका दिव्यातून साडेतीन मिलिअँपिअरच जातो, पण डब्याला तेवढा पुरतो. रुळावर 4 व्होल्टच्या आसपास दिवे धुगधुगायला लागतात, म्हणजे गाडी हलायच्या बेताला. हे मला फार आवडलं.

लुकलुक थांबवायला प्रत्येक एलईडीवाल्या डब्यात 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर आहे, तो थोडी वीज साठवून ठेवतो. त्याच्याआधी 100 ओहमचा रेझिस्टर घालायला विसरू नका, नाहीतर सगळे कपॅसिटर एकदम भरायला धावतात आणि कंट्रोलरला शॉर्टच वाटतो. कपॅसिटर जेमतेम अर्धा सेकंद धरतो, रुळांच्या सांध्यावर तेवढं बस्स. गाडी उभी असताना दिवे हवेत तर खूप जास्त वीज साठवणारा सुपरकपॅसिटर लागेल. तो पुढच्या पगाराला.

छताचं प्लास्टिक पातळ. पहिला डबा पेटला तेव्हा आगगाडीचा नव्हे, दिवाळीचा आकाशकंदील झाला होता. छत आतून आधी काळं आणि त्यावर पांढरं रंगवलं, मग उजेड खिडक्यांतूनच यायला लागला.

चौथ्याच्या मागच्या बोगीत अजून कुठेतरी संपर्क सुटतो. शनिवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा बघतो.

पाचव्याच्या छताला बल्बच्या बरोबर वर एक फुगवटा आहे, उष्णतेने आलेला. मामा रात्र-रात्र गाडी चालवायचा, त्याची खूण. तिथे एलईडी घालायला हात होईना. बल्ब तोच, पट्ट्या तेवढ्या नव्या. तो एकटा साठेक मिलिअँपिअर खातो. गाडी वेगात असली की छान पिवळा, स्टेशनात शिरताना लाल पडत पडत विझतो.

काकांनी वाकून तो डबा दोनदा जाताना पाहिला. म्हणाले, "याची बॅटरी बदलायला झालीय."